बॅटरी नवी, तरी सोमवारी गाडी ढिम्म

शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली. शनिवार-रविवार हलवली नाही. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे, लगेच मंद व्हायचे, आणि बोनेटखालून टक-टक-टक-टक. सोसायटीच्या वॉचमनने पुढे पुढे काही विचारणंच सोडलं. मी दरवाजा उघडलेला दिसला की तो मागच्या बंपरला हात लावून उभाच.

हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. गाडी म्हणजे छोटी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. तेवढ्यात तीन बॅटऱ्यांची वाट लागली आणि दर वेळी दुकानात एकच वाक्य ऐकलं, "साहेब, बॅटरी गेली." ते खोटं नव्हतं. बॅटरी गेलेलीच असायची. पण ती वय होऊन गेली की कुणीतरी तिला मारली, हे तिथे कुणी पाहिलं नाही आणि मलाही सुचलं नाही. नवी बॅटरी कुठली घ्यावी असं विचारत जो येतो त्याला मी आता आधी हेच विचारतो, जुनी किती दिवस चालली? पुण्या-मुंबईकडे साध्या वापरात तीन-चार वर्षं चालली असेल तर तिचं आयुष्य झालं, दुसरी घ्या आणि विषय संपवा. वर्षाच्या आत बसली असेल तर थांबा. पैसे मोजायच्या आधी व्होल्ट मोजा.

आवाज काय सांगतो

टक-टक-टक अशी भराभर माळ लागली तर व्होल्टेज कमी आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, आत ओढला जातो, सेल्फ करंट खेचायला लागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा ओढला जातो. कारण उतरलेली बॅटरी असेल किंवा सैल टर्मिनल, दोन्हींचा आवाज सारखाच.

एकच दणकट टक, दिवे मात्र लख्ख असतील तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरवर. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख असतील तर क्लचचा स्विच, किल्लीतली चिप, सेल्फचा रिले अशी भानगड असते. सेल्फ झपाट्याने फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल आणि स्पार्क पाहा. या शेवटच्या तिन्हींत बॅटरी निर्दोष, तरी तीच बदलली जाते, कारण तिचा नट दहा नंबरच्या पान्याने दोन मिनिटांत निघतो.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर रीडिंग घ्या. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.९ च्या खाली रिकामीच समजा. "बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय, म्हणजे ठीक" हे मी स्वतः एका वायरमनकडून ऐकलंय. बारा म्हणजे ठीक नाही. बारा म्हणजे तीन हिस्से गेलेली.

गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर रीडिंग फसवं येतं. चार्जिंग थांबल्यावरही काही तास व्होल्टेज वर राहतं. एक तर रात्र जाऊ द्या, नाहीतर दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून, थोडं थांबून मोजा.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा पडणारच, पण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही, किंवा ती भरलेली नाही. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावूनही १३.२ च्या खाली जात असेल तर ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) किंवा त्याचा पट्टा तपासा. कायम १५ च्या वर असेल तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीचं पाणी उकळवून मारतोय. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र कॉम्प्युटर इंधन वाचवायला चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एकदा १२.९ दिसलं म्हणून ऑल्टरनेटर खोलायला देऊ नका. लोड टाकून, दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा बघा.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा, १०.५. रात्रभर चार्ज करूनही बॅटरी साडेदहाच्या आसपासच अडत असेल तर सहापैकी एक सेल मेलाय. तिला बदलण्यावाचून इलाज नाही.

एक जुनी सवय मात्र सोडा. चालू इंजिनमध्ये बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडली नाही म्हणजे ऑल्टरनेटर चांगला" अशी परीक्षा पूर्वीची माणसं करायची. आज असं केलं तर व्होल्टेजचा झटका उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि त्याच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतील.

माझी रीडिंगं काय होती? सोमवारी सकाळी ११.९. धक्का मारून चालू केल्यावर १४.२. म्हणजे ऑल्टरनेटर भरतोय, तरी दोन दिवसांत बॅटरी रिकामी.

खरी परीक्षा: बॅटरी गाडीबाहेर ठेवा

मला हे दोन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. बॅटरी काढा, चार्जरवर रात्रभर पूर्ण भरा, आणि गाडीला न जोडता दोन दिवस नुसती ठेवून द्या. दोन दिवसांनी व्होल्टेज जवळपास तेवढंच असेल तर बॅटरी धरून ठेवतेय, चोर गाडीत आहे. एकटी ठेवूनही ती घसरली तर दोष तिचाच, मग बिनधास्त बदला.

शेजारच्या गॅरेजमधून मी चार्जर मागून आणला. चार्जरवरून काढून काही तास गेल्यावर १२.६६. बाल्कनीत दोन दिवस ठेवल्यावर १२.६३. तीच बॅटरी पुन्हा भरून गाडीत लावली, दोन दिवस उभी ठेवली, तर १२.२. भांडणच मिटलं. (बाल्कनीत ठेवताना खाली लाकडी फळी घातली होती, "थेट फरशीवर ठेवली की करंट उतरतो" असं आईचं म्हणणं. जुन्या काळच्या खोक्यांबाबत ते खरं असेल, आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. पण ॲसिड सांडलं तर फरशी वाचते, म्हणून फळी राहू दिली.)

चोर कसा पकडायचा

उभ्या गाडीतही थोडा करंट जातच असतो: घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, ईसीयूची स्मृती. गाडी लॉक करून तिचे सगळे कॉम्प्युटर झोपले की हा खर्च ५० मिलीॲम्पिअरच्या आत असावा. झोपायला गाडीला वेळ लागतो, काहींना दहा मिनिटं, काहींना अर्धा-पाऊण तास. लगेच मोजून घाबरायचं नाही.

मोजण्यासाठी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवायचं आणि सोडवलेली वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मधे मल्टिमीटर जोडायचा, लाल पिन मीटरच्या १० ॲम्पिअरच्या भोकात. बोनेट उघडं असलं की काही गाड्या जाग्याच राहतात, म्हणून बोनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करावी, दरवाजे लॉक करावेत आणि किल्ली लांब ठेवावी. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, दरवाजा उघडायचा नाही. मी दरवाजा उघडला, त्यात हेडलाइट लागले, आणि मीटरचा फ्यूज उडाला. तो फ्यूज शोधत अर्धी अप्पा बळवंत चौकाकडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं फिरलो.

माझ्या गाडीत चाळीस मिनिटांनंतरही ३१० मिलीॲम्पिअर जात होते.

आता फ्यूज एकेक उपटून बघणं ही जुनी पद्धत. चालते, पण फ्यूज काढला-घातला की एखादा कॉम्प्युटर जागा होतो आणि परत अर्धा तास थांबा. त्याहून बरं म्हणजे मीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना पिना टेकवायच्या. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर मिलीव्होल्टचा बारीकसा आकडा दिसतो. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल त्याच्या वाटेने निघायचं.

माझा चोर म्युझिक सिस्टीमच्या फ्यूजवर सापडला. आधीच्या मालकाने बाहेरून टेप आणि ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. टेपला दोन वायरी लागतात: एक कायम चालू, स्टेशनं लक्षात ठेवायला, आणि एक किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याने कंटाळा करून दोन्ही एकत्र पिळून कायमच्या वायरीला जोडल्या होत्या. त्यामुळे पडदा काळा दिसायचा, पण ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. त्याच वायरीवर एक जुना जीपीएस ट्रॅकरही लटकत होता, सिमकार्ड कधीच बंद झालेलं, तरी बिचारा नेटवर्क शोधतोय. वायरी वेगळ्या केल्या, ट्रॅकर काढला, मीटर २२ वर आला. खर्च म्हणाल तर इन्सुलेशन टेपचा.

इतरांच्या गाड्यांत मला दिसलेले चोर असे: डॅशकॅम, ओबीडीच्या, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर लावतो त्या, सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेला डोंगल, डिकीचा किंवा ग्लोव्हबॉक्सचा दिवा, चिकटलेला रिले, आणि ऑल्टरनेटरचा फुटलेला डायोड. हा शेवटचा फ्यूजबॉक्समध्ये सापडत नाही, त्यासाठी ऑल्टरनेटरची वायर सोडवून मोजावं लागतं. फास्टॅग मात्र बॅटरी खात नाही. त्याला गाडीचा करंटच नाही, टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो. हा आरोप मी एकदा नव्हे, चारदा ऐकलाय.

हिशोब करून बघितला तर

एक ॲम्पिअर तासभर गेला की एक ॲम्पिअर-अवर. ३१० मिलीॲम्पिअर म्हणजे दिवसाला सुमारे साडेसात ॲम्पिअर-अवर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ धरा साठ तास, म्हणजे साडेअठरा. माझी पहिली नवी बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची. दर वीकएंडला तिची अर्ध्याहून जास्त पुंजी जायची. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर भरपूर करंट देऊन लगेच परत भरून घ्यायला बनवलेल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं रोज खोल उतरणं तिला झेपत नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. सात महिन्यांत ती बसली. दुकानदाराने वॉरंटीत दिली नाही, चार्ज करून "दोष नाही, डिस्चार्ज झालीय" म्हणून परत केली. तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, त्याचं म्हणणं बरोबर होतं, फक्त त्याने पुढचं वाक्य बोलायला हवं होतं.

त्यानंतर मी शहाणपणा केला. "मोठीच घ्या साहेब, कटकट मिटेल" म्हटल्यावर ४५ ॲम्पिअर-अवरची घेतली. कटकट मिटली, अकरा महिने. साठ तासांत तेच साडेअठरा जात होते, पण ४५ मधून गेल्यावर सेल्फपुरतं उरायचं. जसजशी झिजली तसतसा सोमवार परत आला. गळका माठ बदलून मोठा माठ आणला, एवढंच झालं.

मोठ्या बॅटरीने ऑल्टरनेटर जळतो, ही भीती मात्र निराधार. थोडी मोठी बॅटरी भरायला जास्त वेळ लागतो, बाकी काही नाही. अडचण जागेची असते: ट्रेमध्ये न बसणं, क्लॅम्प न लागणं, किंवा उंच टर्मिनल बोनेटच्या पत्र्याला टेकून ठिणग्या.

याच हिशोबात आणखी एक समजूत उघडी पडते. "रोज चार वेळा चालू-बंद करतो, म्हणून बॅटरी उतरते." सेल्फ दोनशे ॲम्पिअर खेचतो खरा, पण दोनच सेकंद. दोनशे गुणिले दोन, भागिले ३६००, म्हणजे जेमतेम ०.११ ॲम्पिअर-अवर. निरोगी गाडी ५० मिलीॲम्पिअरने आठवडाभर उभी राहिली तर ८.४ जातात, म्हणजे पंचाहत्तर वेळा सेल्फ मारण्याइतके! घरून काम करणाऱ्यांच्या गाड्या म्हणूनच बसतात. चालवून नाही, उभ्या राहून. त्यात आठवड्यातून एकदा दूध आणायला दोन किलोमीटर गेलात, एसी आणि वायपर लावून, तर भर पडते ती नावापुरती. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा पाव हिस्सा फार सावकाश भरून घेते, त्याला तास लागतात. नुसतं पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा रोजचा कार्यक्रम बंद करा. पेट्रोल जातं, बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्याने चक्कर मारा, किंवा सरळ एक छोटा ऑटोमॅटिक चार्जर घ्या.

टर्मिनलचा पांढरा भुरा

हे एका वाक्यात सांगून संपण्यासारखं, पण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुरा साठला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवली तर ०.१ व्होल्टच्या वर काही दिसू नये. दिसलं तर वरून चकचकीत दिसणारा सांधा आतून खराब आहे. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही याच पद्धतीने बघा. कोकणातल्या गाड्यांत ती पट्टी पहिली कुजते.

आता निवड

जुन्या बॅटरीच्या अंगावरचा नंबर आणि टर्मिनलची बाजू, दोन्हींचा फोटो घेऊनच दुकानात जा. आपल्याकडे दोन घराणी चालतात. जपानी मापाची, उदाहरणार्थ ३८बी२०एल: पहिला आकडा क्षमतेची पायरी, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. हिलाच जुन्या बोलीत एनएस४०झेडएल म्हणतात, बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हीच. दुसरं घराणं जर्मन मापाचं, डीआयएन ४४, ५०, ६०, ७४ वगैरे: बुटकी, टर्मिनल खोलगट जागेत, आणि तळाला ओठ, ज्यावर खालून पट्टी आवळतात. जपानी बॅटरीला वरून आडवी पट्टी लागते. एका घराण्याची बॅटरी दुसऱ्याच्या ट्रेमध्ये "बसवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. सैल बॅटरी खड्ड्यांत आपटते आणि प्लेटांवरचा माल खाली गळतो.

एल आणि आर यांची अदलाबदल सगळ्यात घातक. वायर पोचत नाही म्हणून बॅटरी फिरवून लावतात, आणि कधीतरी घाईत उलटी जोडली जाते. मुख्य फ्यूज उडाला तर नशीब. छोट्या जपानी बॅटऱ्यांचे खुंट बारीक असतात, मोठ्यांचे जाड. तेही जुळायला हवेत. बारीक खुंटावर जाड क्लॅम्प पत्र्याची चकती घालून आवळलेला मी पाहिलाय, गाडी आठवड्याला बंद.

ॲम्पिअर-अवर कंपनीने दिलेत तेवढेच किंवा ट्रेमध्ये बसत असेल तर एक पायरी वर. कमी कधीच नाही. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त, वर इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा खर्च, तिथे काटकसर अंगाशी येते. कोल्ड क्रँकिंगचा आकडाही वाचा. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती ॲम्पिअर देऊ शकते त्याचं ते माप. उणे १८ महाबळेश्वरलाही होत नाही, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला आणि पुढे झीज मोजायला हाच आकडा कामाचा. बॅटरीवर ३०० छापलंय आणि दुकानातला टेस्टर पूर्ण चार्जनंतर १७० दाखवतोय, तर ती म्हातारी झाली, मग व्होल्टेज कितीही छान असो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच चालू होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी घ्यायचीच नाही. अशा गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम बॅटरी येते, वारंवार उतरणं-भरणं सोसणारी. ईएफबी असेल तर ईएफबी किंवा त्याहून वरची एजीएम, पण एजीएमच्या जागी खालचं काही नको. साधी बसवली की पैसे निम्मे लागतात आणि थोड्याच दिवसांत स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, मागोमाग बॅटरीही. या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तो हातोडीने ठोकून बसवायची वस्तू नाही. जंपर केबलची काळी चिमटी त्याच्या टर्मिनलवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. बऱ्याच युरोपीय गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने कॉम्प्युटरला कळवावी लागते, नाहीतर तो तिला जुनी समजूनच भरत राहतो. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी नळी परत लावली का, ते स्वतः बघा.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून यातून सुटका नाही. तिच्यातही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती बसली तर खालचा मोठा पॅक भरलेला असूनही गाडी जागी होत नाही.

ब्रँडवरून वाद घालण्यात मला रस नाही. नावाजलेल्या तीन-चार कंपन्यांत फरक असतो त्यापेक्षा दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या आणि ताज्या बॅटरीत जास्त असतो. बॅटरीवर छापलेला तारखेचा कोड वाचून दाखवायला सांगा, तीन महिन्यांच्या आतली घ्या, आणि बसवण्याआधी तिथेच मल्टिमीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. मी मीटर काढला तेव्हा दुकानातल्या मुलाने आधी चेहरा पाडला आणि मग आतून दुसरी बॅटरी आणली. ती १२.७ होती. वरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

वॉरंटीचे महिने दोन तुकड्यांत असतात. पहिल्या तुकड्यात बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्यात नुसती सवलत, तीही छापील किमतीवर. बाजारात मुळातच छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळते, त्यामुळे ती सवलत हातात उरते थोडीच. पहिला तुकडा किती मोठा, तेवढंच बघा. कार्डावर गाडीचा नंबर, तारीख, शिक्का. टॅक्सी पासिंगच्या गाडीला वॉरंटी कमी असते, ते आधी विचारा. जुनी बॅटरी देऊन किंमत कमी करून घ्या. तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिसं असतं, भंगारात तिला भाव आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घरामागे फेकायची वस्तू नाही ती.

विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांसाठी दोन शब्द जास्त. बॅटरी थंडीत बंद पडते पण मरते उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, झीजसुद्धा. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आणि वर इंजिनची धग. म्हणून बॅटरीभोवतीचं काळं जॅकेट मेकॅनिकने "याची गरज नाही" म्हणून काढून टाकलं असेल तर परत मागून घ्या, ते धग अडवायलाच असतं. झाकणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला पाणी बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही, आरओचं नाही. ॲसिड तर मुळीच नाही, उडून जातं ते पाणी, ॲसिड नाही.

बदलताना आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट. आधी पॉझिटिव्ह काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर पान्याचाच वेल्डिंग रॉड होतो. घड्याळ, पॉवर विंडोचं ऑटो, टेपचा कोड परत भरावा लागेल, आणि दोन दिवस आयडलिंग थोडं वरखाली होईल, त्याने घाबरू नका.

माझी ४५ वाली चोर सापडेपर्यंत निम्मी मेली होती, तिला वाचवता आलं नाही. तिच्या जागी कंपनीने सांगितलेली ३५ चीच बसवली, मापात, क्लॅम्पसकट. आता सोमवारी सकाळी १२.५८ ते १२.६ दाखवते. गणपतीला दहा-बारा दिवस गाडी इथे ठेवून एसटीने गावी जातो तेव्हा निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवतो. परत येईपर्यंत रिमोट चालत नाही, त्यामुळे दरवाजा किल्लीने उघडायचा, ही एक आठवण वॉचमनच्या वहीतही लिहून ठेवली आहे, कारण पहिल्या वर्षी मी स्वतःच विसरलो होतो आणि तो परत मागच्या बंपरपाशी जाऊन उभा राहिला होता.